वाढीचे दुखणे की आणखी काही?



या अंकात पाककृतींच्या पानाची जागा आम्ही एका जड विषयाला दिली आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषय आहे हाडांचा कॅन्सर. कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही. पण आमच्याकडून एकदा चूक झाली आहे, आणि ती आपल्यापैकी आणखी कोणाकडून होऊ नये असे वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्यातल्याच एका घरातला चौदा वर्षांचा मुलगा खेळून आला की गुडघा दुखतो म्हणायचा. कायझर्सलाउटर्नमध्ये वाढणारा मुलगा म्हटला की फुटबॉल आलाच. बेत्सेनबर्गवरच्या स्टेडियमकडे बघतच आपली मुले मोठी होतात. दिवाळीच्या कार्यक्रमात त्याच्या आईने सहज विषय काढला आणि आम्ही सगळ्यांनी हौसेने सल्ले दिले. कोणी तिळाच्या तेलाचे मालीश सांगितले, कोणी आंबेहळदीचा लेप. कोणी म्हणाले, "उंची वाढतेय, पाय दुखणारच!" या सल्ल्यांत दीड महिना गेला. मग एका रात्री तो दुखण्याने रडत उठला. दुसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे नेले, एक्स-रे काढला, आणि त्याच आठवड्यात त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. निदान झाले ऑस्टिओसार्कोमा. नावगाव न लिहिण्याच्या अटीवर त्याच्या आईवडिलांनीच आम्हाला हे लिहायला सांगितले.

आधी थोडा धीर

हाडातच सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मीळ आहे. सगळ्या कॅन्सरांत त्याचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. मुलांचे पाय दुखतात ते बहुतेक वेळा खेळण्याने, मुरगळण्याने किंवा ज्याला इथले डॉक्टर 'वाक्सटुम्सश्मेर्त्सन' म्हणतात त्या वाढीच्या दुखण्याने. या वाढीच्या दुखण्याची एक रीत असते. ते लहान मुलांत जास्त दिसते, संध्याकाळी किंवा रात्री होते, बहुधा दोन्ही पायांत असते आणि सकाळी मूल पुन्हा उड्या मारत शाळेला जाते. सूज नसते, लंगडणे नसते.

मोठ्या माणसांच्या हाडात कॅन्सर सापडला तर तो बहुधा दुसरीकडून आलेला असतो. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉईडचा कॅन्सर हाडात पसरू शकतो. मल्टिपल मायलोमा हा मज्जेतल्या पेशींचा आजारही हाडे पोखरतो. म्हणून भारतातून आलेल्या आजी-आजोबांची पाठ आठवडेच्या आठवडे, आडवे पडल्यावरही दुखत असेल, तर "वयच झाले" म्हणून सोडून देऊ नये. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल तर मुळीच नाही.

मुख्य प्रकार

ऑस्टिओसार्कोमा: हाडात सुरू होणाऱ्या घातक गाठींत हा सर्वांत जास्त आढळतो. वय साधारण दहा ते वीस, म्हणजे मूल झपाट्याने उंच होते तो काळ. जागा बहुधा गुडघ्याच्या आसपास, मांडीच्या हाडाचे खालचे टोक किंवा नडगीचे वरचे टोक. त्याखालोखाल खांद्याजवळ. यातल्या पेशी स्वतःच कच्चे, वेडेवाकडे हाड तयार करतात. पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो.

युइंग सार्कोमा: न्यूयॉर्कच्या जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये याचे वर्णन केले. हाही मुलांचा आणि तरुणांचा आजार. लांब हाडांच्या मधल्या भागात, कमरेच्या हाडात किंवा बरगडीत होतो. कधीकधी बारीक ताप येतो, त्यामुळे हाडात पू झाला आहे असा समज होतो आणि वेळ जातो. यावर रेडिएशनचाही चांगला उपयोग होतो.

काँड्रोसार्कोमा: कूर्चेचा कॅन्सर, बहुधा चाळिशीनंतर. कंबर, मांडी, खांदा या भागांत हळूहळू वाढतो, महिनोन् महिने खोलवर ठणकतो. केमोथेरपीला तो सहसा दाद देत नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय.

कॉर्डोमा: माकडहाडाच्या वरच्या भागात किंवा कवटीच्या तळाशी होणारा, फार विरळा. नाजूक जागेमुळे पूर्ण काढणे कठीण जाते. आपल्यापासून तासाभरावर असलेल्या हायडेलबर्गला २००९ पासून आयन किरणांचे केंद्र सुरू आहे, तिथे अशा गाठींवर उपचार होतात.

हे होते कशाने? बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. पडल्याने किंवा चेंडू लागल्याने कॅन्सर होत नाही. मार लागल्यावर त्या जागेकडे लक्ष जाते, एवढेच. तेव्हा "मीच त्याला खेळायला पाठवले" म्हणून कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये. काही थोड्या घरांत आनुवंशिक कारण असते. २००४ चा 'श्वास' चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या परश्याला झालेला डोळ्याचा कॅन्सर, रेटिनोब्लास्टोमा, आनुवंशिक प्रकारचा असेल तर अशा मुलांना पुढे ऑस्टिओसार्कोमाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

केव्हा जायचे, काय सांगायचे

दुखणे एकाच बाजूला, एकाच जागी आहे. दोन आठवड्यांत कमी होण्याऐवजी वाढते आहे. विश्रांती घेतानाही दुखते, रात्री झोपमोड होते. सूज किंवा कडक गाठ लागते. मूल लंगडते. किरकोळ पडण्याने हाड मोडले. यातले काहीही दिसले तर डॉक्टरांकडे जावे आणि निदान होईपर्यंत मालीश करू नये.

आपण भाषेच्या संकोचाने "क्नी श्मेर्त्सन" एवढेच म्हणून थांबतो. त्यापुढे "आउख नाख्ट्स" म्हणजे रात्रीसुद्धा, "श्वेलुंग" म्हणजे सूज, आणि किती आठवडे झाले, हे जरूर सांगावे. कागदावर लिहून नेले तरी चालते. रक्ताची तपासणी चांगली आली म्हणजे शंका मिटली असे नाही. पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी काही दिसत नाही. दुखणे थांबले नाही तर पुन्हा जाऊन एम.आर.टी.बद्दल विचारावे.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, ही जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार त्याच तज्ज्ञ केंद्रात व्हावी. सुई किंवा छेद ज्या वाटेने जातो ती वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागते. ती चुकीच्या जागी गेली तर वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" या भीतीने बायोप्सी टाळणे मात्र साफ चूक, कारण तिच्याशिवाय निदान होत नाही. होम्बुर्ग, माइन्झ, हायडेलबर्ग ही विद्यापीठ रुग्णालयांची गावे आपल्यापासून लांब नाहीत. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मागितले तर इथे कोणी अपमान मानत नाही.

उपचार

कॅनडाच्या टेरी फॉक्सचे नाव ऐकले असेल. ऑस्टिओसार्कोमामुळे १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १९८० मध्ये कृत्रिम पायाने तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. आजार फुप्फुसात पसरला आणि १९८१ मध्ये तो बाविसाव्या वर्षी गेला. नुसता पाय कापून उपचार होत त्या काळात पाचातला जेमतेम एक रुग्ण वाचे. आज आजार पसरण्याआधी सापडला तर दहातले सहा-सात बरे होतात, आणि बहुतेकांचा पाय किंवा हात वाचतो.

हा फरक मुख्यतः केमोथेरपीने पडला. आधी सुमारे दहा आठवडे औषधे, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषधे, असे आठ-नऊ महिने जातात. काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसवतात. वाढत्या मुलांसाठी लांब करता येणारे सांधेही असतात. काही मुलांत पाऊल उलटे फिरवून घोट्याचा गुडघा करतात, त्याला इथे 'उमकेअरप्लास्टिक' म्हणतात. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यावर कृत्रिम पाय लावून मुले धावतात. जर्मनीत १९७७ पासून ऑस्टिओसार्कोमाच्या रुग्णांवर अनेक रुग्णालये मिळून एका समान योजनेने उपचार करत आली आहेत, त्यामुळे लहान गावातल्या मुलाचेही नुकसान होत नाही.

भारतातल्या नातेवाइकांनी विचारले तर परळच्या टाटा मेमोरियलचे नाव सांगावे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने महागड्या देखरेखीची गरज असलेले मेथोट्रेक्सेट वगळून 'ओजीएस-१२' ही उपचारपद्धती बसवली आणि तिचे निष्कर्ष चांगले आले आहेत.

शंका असतील तर हायडेलबर्गच्या राष्ट्रीय कर्करोग संशोधन केंद्राची माहिती सेवा रोज सकाळी आठ ते रात्री आठ फोनवर मोफत माहिती देते: ०८०० ४२० ३० ४०.

आपला तो मुलगा आता बरा आहे. गुडघा धातूचा आहे, थोडा लंगडतो, फुटबॉल सुटला. त्याचे खरे दुःख त्याला फुटबॉलचेच आहे. मंडळाच्या गणपतीत ध्वनिव्यवस्था तो सांभाळतो. त्याच्या आईने आम्हाला कधी बोल लावला नाही. पण तो दीड महिना आमच्या मनातून जात नाही. आता कोणी मुलाचे दुखणे सांगितले की आम्ही तेल सुचवत नाही. एकाच बाजूला का, रात्री उठतो का, सूज आहे का, एवढे तीन प्रश्न विचारतो. आपणही विचारावेत, ही विनंती.



मंडळाच्या आरोग्य पानासाठी, आम्ही सर्वजण