मोहल्ल्याचा ग्रुप: कोणती खबर पुढं पाठवायची, कोणती थांबवायची

२१ मार्च २०२४ ची सकाळ हिंगोली जिल्ह्यात कोणी विसरलेलं नसेल. रमजान चालू होता. सहेरी झाली, फजरची नमाज पढून माणसं घरी आली, काहीजण जरा आडवे झाले होते. सहा वाजून आठ मिनिटांनी जमीन हादरली. फळीवरची भांडी वाजली, पत्रे खडखडले आणि सगळा मोहल्ला लेकराबाळांसह रस्त्यावर आला. धक्क्याची तीव्रता ४.५ नोंदली गेली, केंद्र आपल्याच जिल्ह्यात. दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का बसला.

त्या सकाळी आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज आले. पहिले असे: "सब खैरियत से हैं ना?", "मागच्या गल्लीतल्या जुन्या घराच्या भिंतीला भेग गेलीय, तिकडून जाऊ नका", "कोपऱ्यावरच्या खालाजान एकट्या आहेत, कोणीतरी बघा". हा शेवटचा मेसेज वाचून दोन पोरं धावली आणि खालाजानला हात धरून बाहेर आणलं. थोड्या वेळानं कुठून तरी एक आवाजाची क्लिप आली: अकरा वाजता याहून मोठा धक्का येणार, घरात थांबू नका. ती कोणाची, कुठली, कोणी विचारलं नाही. रोजा असलेल्या बायका, तान्ही लेकरं, आजारी माणसं उन्हात बसून राहिली. अकरा वाजून गेले. काही झालं नाही.

भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता येणार हे आधी सांगेल असं यंत्र जगात कुठंच नाही. हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. तरी त्या दिवशी आम्हीही बाहेरच बसलो होतो. ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या मनात आहे. भीती खरी असते, म्हणून तर खोटी खबर इतक्या लवकर पटते.

माइकवरचं ऐलान आणि हातातला फोन

ग्रुप नव्हते तेव्हाही मोहल्ल्यात खबर फिरतच होती. मशिदीच्या माइकवरचं ऐलान, चहाचं हॉटेल, किराणा दुकान, नळावरची रांग. फरक एकच. मयतचं ऐलान करण्याआधी मुअज्जिनसाहेब घरच्या माणसाला विचारायचे: नाव काय, जनाजा कधी, दफन कोणत्या कब्रस्तानात. खबर देणारा आणि घेणारा समोरासमोर असायचे. चुकलं तर संध्याकाळी त्याच माणसाला गाठता यायचं. फोनवर आलेल्या खबरीला बऱ्याचदा मालकच नसतो.

सूरह हुजुरातमध्ये आलेली खबर आधी तपासून घेण्याची ताकीद आहे. जुम्याच्या बयानात आपण ती कितीतरी वेळा ऐकली असेल. ती फोनलाही लागू आहे.

ग्रुपवर येणारं सगळं एकसारखं नसतं. आमच्या अनुभवानं त्याचे तीन भाग पडतात: खबर, सेवा आणि मत. तिन्हींचे कायदे वेगळे ठेवले तर निम्मी भांडणं होतच नाहीत.

खबर

खबर पाठवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. कधीची? कुठली? कोणी स्वतः पाहिली? आणि खात्री करायची तर कोणाला विचारायचं? "रक्ताची तातडीनं गरज" हा मेसेज घ्या. त्यावर तारीख नसेल तर तो महिनोन्‌महिने फिरत राहतो, पेशंट बरा होऊन घरी गेला तरी त्या घरचा फोन वाजतच राहतो. म्हणून तारीख, दवाखाना आणि रक्तगट लिहायचा आणि गरज संपली की "मिळालं, शुक्रिया" असंही लिहायचं. मयतची खबर घरच्यांनीच टाकावी किंवा त्यांना विचारून टाकावी. नांदेडला हलवलेला माणूस वाटेत असतानाच त्याच्या मगफिरतची दुआ ग्रुपवर सुरू व्हावी, याहून वाईट काय?

शिष्यवृत्ती आणि रेशनच्या खबरी तर आमच्या रोजच्या ओळखीच्या. "सर्व विद्यार्थ्यांना इतके हजार, खालच्या लिंकवर माहिती भरा." आई-वडील फोन घेऊन शाळेत येतात. खरी योजना असेल तर ती शाळेत, सेतू केंद्रात किंवा सरकारी पोर्टलवर असतेच. अनोळखी लिंकवर आधार नंबर, बँकेचा खाते नंबर देऊ नका, ओटीपी तर कोणालाच नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, उशीरही करू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली तर समजायचं, तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवू देतं. ही बंधनं उगाच आली नाहीत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे गरीब लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. मुलं पळवण्याचा मेसेज पुढं ढकलणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं, आपण लेकरांची काळजीच करतोय. संशयित माणूस दिसला तर ११२ वर फोन करावा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

सेवा

ग्रुपचा सगळ्यात मोठा फायदा इथं आहे. कोण शिवणकाम करतं, कोणाकडं डबा मिळतो, दहावीची गणिताची शिकवणी कोण घेतं, नळाचा मिस्त्री कोण, कोणाकडं व्हीलचेअर पडून आहे, मागच्या वर्षाची पुस्तकं कोणाला द्यायचीत. आमच्या ग्रुपवर धंद्याच्या जाहिरातीसाठी आठवड्याचा एक वार ठरवलाय. इतर दिवशी जाहिरात टाकली तर काढली जाते, मग ती कोणाचीही असो.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. पहिलं, बाईमाणसाचा नंबर तिला विचारल्याशिवाय ग्रुपवर द्यायचा नाही. ग्रुपमध्ये घेतलं की आपला नंबर सगळ्यांना दिसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. कोणीही उठून ग्रुपमध्ये ओढू नये म्हणून फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये सोय आहे, ती घरच्या मुलीला लावून द्या. दुसरं, काम बिघडलं तर आधी त्या माणसाला सांगा, ग्रुपवर नंतर. रोजंदारीवर पोट असलेल्या मिस्त्रीचं नाव एका मेसेजनं खराब होतं आणि ते पुन्हा सुधारायला वर्ष जातं.

मत

नालीचं पाणी, नगर परिषदेचं राजकारण, मसलकचे वाद. ग्रुप फुटतात ते इथंच. आमच्याकडं दोन शेजाऱ्यांचं नालीवरून वाजलं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून नातेवाइकांना पाठवला. दोघांची दारं समोरासमोर, पण चार महिने सलाम बंद. ईदच्या दिवशी मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग त्यांना घेऊन बसले तेव्हा कुठं मिटलं. नाली अर्ध्या दिवसात साफ झाली होती.

तरुण पोरांना एक गोष्ट कान धरून सांगावी लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १९६ मध्ये समाजात तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी आणि कलम ३५३ मध्ये खोटी माहिती, अफवा पसरवण्यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. "मी लिहिलं नव्हतं, फक्त पुढं पाठवलं" हे तिथं कामी येत नाही. गुन्हा दाखल झाला की नोकरीची पडताळणी, पासपोर्ट सगळं अडतं. राग कितीही खरा असो, रात्री बारा वाजता स्टेटस ठेवण्यापेक्षा सकाळी मोठ्यांशी बोला, लेखी तक्रार द्या. आम्ही लिहून देऊ.

अ‍ॅडमिनही घाबरून असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये एका प्रकरणात सांगितलंय, की अ‍ॅडमिनचा सामील इरादा नसेल तर सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही. तरी चुकीचा मेसेज लगेच काढणं हे अ‍ॅडमिनचं काम आहेच आणि तो सगळ्यांसाठी डिलीट करण्याची सोय त्याच्या हातात आहे. अ‍ॅडमिन दोन-तीन असावेत, त्यात एक बाई असावी. म्हणजे बायकांना तक्रार करायला संकोच वाटत नाही.

ज्यांच्याकडं फोन नाही

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा धक्का बसला. क्लिप याही वेळी आली. एका अ‍ॅडमिननं ती पाच मिनिटांत काढली आणि लिहिलं: "ही कोणाची आहे माहीत नाही. भेगा पडलेल्या घरात जाऊ नका, बाकीच्यांनी घाबरू नका." लोक थोडा वेळ बाहेर थांबले आणि आपापल्या कामाला लागले.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मोहल्ल्यात पाच घरं अशी आहेत जिथं स्मार्टफोनच नाही. तिथं म्हातारी माणसं राहतात, एक घर आमच्या हिंदू शेजाऱ्यांचं आहे. आता त्या पाच घरांना खबर द्यायची जबाबदारी आठवीतल्या दोन मुलांवर आहे. पाणी उद्या येणार असो की डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर, पोरं दारात जाऊन सांगतात. तुमच्या मोहल्ल्यात अशी घरं किती आहेत, ते या जुम्यानंतर एकदा मोजून बघा.