गिअरच्या दांड्यावरचे बटण

घाट उतरताना पुढे भरलेली मालमोटार असली, की कधी कधी करपल्यासारखा उग्र वास येतो. हा वास ब्रेकच्या लायनरचा. तो का येतो, हे आठवीनववीच्या सूत्रांनी कळते.

समजा, १६ टनांची मालमोटार बोरघाट उतरते आहे आणि उतरायची उंची ५०० मीटर आहे. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जा ७ कोटी ८४ लाख ज्यूल येते. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपात कुठेतरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेने सुमारे २५० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल! ती बरीचशी ब्रेकच्या लोखंडी ड्रमात गेली, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरपासून दूर सरकतो आणि लायनरचे घर्षणही घटते. पाय दाबलेलाच असतो, पण गाडी थांबत नाही.

म्हणूनच जाणते चालक ज्या गिअरमध्ये घाट चढतात, त्याच गिअरमध्ये उतरतात. इंजिनच गाडीला मागे धरते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे हा आधार स्वतःहून सोडून देतात.

मात्र डिझेल इंजिन या कामी जरा कच्चे असते. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की हवेच्या वाटेवरची झडप मिटते आणि दट्ट्याला जवळजवळ निर्वातातून हवा ओढण्याचे कष्ट पडतात. पारंपरिक डिझेल इंजिनात अशी झडपच नसते. हवा मोकळेपणी आत येते. ती दाबायला ऊर्जा लागते खरी, पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलून बहुतेक ऊर्जा परत देते.

यावरचा उपाय धुराच्या वाटेवर केलेला असतो. सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळात एक चकतीसारखी झडप बसवतात. ती मिटली, की वायू कोंडतो आणि धूर बाहेर टाकण्याच्या फेरीत दट्ट्याला त्या दाबाविरुद्ध रेटावे लागते. हाच एक्झॉस्ट ब्रेक. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९८९ च्या मॉडेलपासून ते डॉज रॅम या पिकअप ट्रकमध्ये आले. टाटा आणि कमिन्स यांनी १९९३ साली जमशेदपूरला स्थापन केलेल्या कंपनीमार्फत याच जातीचे इंजिन टाटांच्या मालमोटारींतही आले. कोंडलेला दाब चौरस इंचाला ६० पौंड, म्हणजे सुमारे ४१४ किलोपास्कल धरू. दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य. एका चक्रात सुमारे २,४४० ज्यूल. मिनिटाला २,४०० फेरे असतील तर सेकंदाला २० चक्रे होतात, म्हणजे ४९ किलोवॅट. ही झाली कमाल मर्यादा; प्रत्यक्षात कमी मिळते. पण वीसास एक या उतारावर आपल्या १६ टनी गाडीला ताशी ३० किलोमीटर वेगात धरायला सुमारे ६५ किलोवॅट लागतात. त्यांतला मोठा वाटा लायनर न झिजवता निभावतो.

दाब मात्र हवा तेवढा वाढवता येत नाही. तो उलट बाजूने इंजिनाच्या झडपाच उघडू लागतो. जुन्या बारा झडपांच्या रॅममध्ये यासाठी अधिक कडक स्प्रिंगा घालत.

वरच्या हिशेबात फेरे अर्धे केले, की शक्तीही अर्ध्यावर येते. दाबही घटतो, त्यामुळे खरे तर अर्ध्याहूनही कमी. म्हणजे हा ब्रेक आणि खालचा गिअर यांची जोडी आहे. उतारावर गिअर बदलताना चालकाचा हात दांड्यावर असतोच. मग बटण डॅशबोर्डवर शोधत का बसायचे? रॉकी पर्वतात जड ट्रेलर ओढणारे काही ट्रकमालक म्हणूनच हे बटण गिअरच्या दांड्यावर आणतात.

पण नुसते बटण पुरत नाही. झडप मिटलेली असताना इंजिनाला डिझेल देऊ नये, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावरच जोडला जाणारा एक स्विच हवा. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटते आणि कोंडलेल्या दाबाने बंद पडू शकते. मग पॉवर स्टिअरिंगही गेले. म्हणून क्लच दाबताच तुटणारा दुसरा स्विच. बटणासह हे तिन्ही एकसर जोडणीत. सेल, बल्ब आणि तीन स्विच घेऊन हे वर्गात करून दाखवता येईल. तिन्ही जोडलेले असतील तरच दिवा लागेल.

झडप हलवणाऱ्या हवेच्या पंपाला २० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो. दांड्यातल्या बारीक तारेतून तो नेणे धोक्याचे. म्हणून मध्ये रिले घालतात. रिलेच्या वेटोळ्याचा रोध ८० ओहम असेल, तर १२ व्होल्टला प्रवाह अवघा ०.१५ अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, तेव्हा त्याच तारेत सुमारे अठरा हजार पटींचा फरक पडला.

आता खरी गोम. बटणाकडे दोन तारा न्याव्यात की एक? दांडा लोखंडी, तो गिअरपेटीला जोडलेला, आणि गिअरपेटी व इंजिन बॅटरीच्या ऋण टोकाला. दांडाच ‘अर्थ’ मानून बटण रिलेच्या ऋण बाजूला घातले, तर एका तारेत काम भागते. कागदावर दोन्ही परिपथ सारखेच चालतात.

पण ही तार प्रत्येक गिअरबरोबर वाकते आणि कधीतरी तिचे वेष्टण घासून दांड्याला टेकते. बटण धन बाजूला, फ्यूजच्या पुढे असेल, तर तार टेकताच, किंवा पुढचे बटण दाबताच, फ्यूज उडतो. एक्झॉस्ट ब्रेक जातो, पायाचा ब्रेक उरतो. एका तारेच्या जोडणीत मात्र तार दांड्याला टेकणे म्हणजेच बटण दाबणे! फ्यूज शाबूत राहतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की न मागता ब्रेक लागतो. हा ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या चाकांना धरतो. गाडी रिकामी आणि रस्ता ओला असेल, तर तीच चाके घसरतात. वाचलेली एक तार फार महाग पडते.

२००७ साली आलेल्या ६.७ लिटरच्या इंजिनात वेगळी झडप लागेनाशी झाली. टर्बोच्या पात्यांमधली वाट अरुंद करूनच धूर कोंडला जातो. रॅममध्ये डिझेल इंजिनाबरोबर हाताने बदलायचा गिअर २०१८ च्या मॉडेलपर्यंतच मिळाला. जुन्या गाड्यांत हे काम करणारे तारेला दांड्याच्या बुडाशी थोडा ढिला वळसा देतात आणि ती बाहेर पडते त्या भोकात रबरी कडी बसवतात.