गावाचा संघ

युरोप खंडाच्या पश्चिम टोकास आयर्लंड हे हिरवेगार बेट आहे. या बेटावर ‘हर्लिंग’ नावाचा एक अतिप्राचीन खेळ खेळला जातो. तेथील पुराणकथांतील वीरही हा खेळ खेळत असल्याची वर्णने आहेत. २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत या खेळाची नोंद केली.

हर्लिंगच्या प्रत्येक संघात १५ खेळाडू असतात. टोकाशी चपटी व रुंद अशी लाकडी काठी हे त्यांचे मुख्य साधन होय. चेंडू लहान व चामड्याने मढविलेला असतो. हॉकीत चेंडू बहुधा जमिनीवरून जातो; हर्लिंगमध्ये मात्र तो काठीने उंच टोलवितात, हाताने झेलतात आणि काठीच्या पात्यावर तोलून धरून धावतात. मैदानाच्या दोन्ही टोकांस इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे खांब असतात. आडव्या दांड्यावरून चेंडू गेला, तर एक गुण मिळतो. दांड्याखालून आत गेला, तर गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात. खेळ इतका वेगवान आहे, की २०१० पासून खेळाडूंना शिरस्त्राण घालणे सक्तीचे झाले.

आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य असताना हा खेळ मागे पडत चालला होता. तेव्हा १८८४ साली मायकल क्युसॅक व त्यांचे सहकारी थर्लस या गावी जमले आणि त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन केली. तिच्या प्रयत्नाने गावोगावी मंडळे उभी राहिली. या मंडळांतील खेळाडूंना खेळण्याबद्दल वेतन मिळत नाही. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक, कोणी सुतार. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी सर्वजण गावाच्या मैदानावर सरावास येतात.

काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. प्रत्येक काउंटीतील मंडळांची दरवर्षी स्पर्धा भरते. उन्हाळ्यात काउंट्यांचे आपापसांतील सामने होतात. ते संपले, की काउंटीसाठी खेळलेले नामवंत खेळाडू आपापल्या गावच्या संघात परततात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर खेळू लागतात. किल्केनी काउंटीच्या वरिष्ठ गटात १२ संघ असतात. आरंभी साखळी सामने होतात. पुढे बाद फेरी येते. जो जिंकतो तो पुढे जातो; आणि जो शेवटी तळाशी राहतो, त्यास खालच्या गटात उतरावे लागते. म्हणून विजेतेपदाइतकीच आपले स्थान राखण्याचीही झुंज चालते.

याच काउंटीत नोअर नदीच्या काठी टॉमसटाउन हे लहानसे गाव आहे. येथील संघाने १९४६ साली काउंटीचे वरिष्ठ विजेतेपद मिळविले होते. त्यानंतर पिढ्या उलटल्या, परंतु तो मान पुन्हा लाभला नाही. संघ मध्यम गटात खेळत होता. २०२३ साली त्याने तो गट जिंकला. जानेवारी २०२४ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर त्याने मध्यम गटाचे अखिल आयर्लंड विजेतेपदही मिळविले. त्याच वर्षी तो वरिष्ठ गटात आला. नव्याने वर आलेल्या संघाने आपले स्थान टिकविले, तरी पुष्कळ, असे कोणासही वाटावे. पण शरद ऋतूत टॉमसटाउनने काउंटीचे विजेतेपदच पटकाविले! ७८ वर्षांची प्रतीक्षा संपली. आजोबांनी केवळ ऐकलेला विजय नातवांनी त्यांच्या डोळ्यांसमोर घडवून आणला.

आज या खेळापुढे एक निराळेच संकट उभे आहे. हर्लिंगची काठी ॲश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडापासून करतात. बुरशीमुळे होणारा एक रोग २०१२ साली आयर्लंडमध्ये आढळला आणि त्याने ही झाडे मरू लागली. आता बांबूच्याही काठ्या बनविल्या जातात. काठीचे लाकूड बदलले, तरी ती हाती घेणारी मुले गावच्या मैदानावर येत राहतील, तोवर हा खेळ जिवंत राहील.