एक पाय, रोज 42 किलोमीटर

डांबरी रस्त्यावर एक विचित्र ताल ऐकू येई. डाव्या पायाचं एक पाऊल, लगेच त्याच पायावर छोटीशी उडी, मग कृत्रिम उजवा पाय. टेरी फॉक्स असा पळायचा.

कॅनडातला हा बास्केटबॉलवेडा मुलगा. 1977 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, त्याला ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर झाला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. उपचार घेताना वॉर्डातल्या लहान मुलांचे हाल त्याने पाहिले आणि संशोधनासाठी पैसा उभा करायचं ठरवलं.

12 एप्रिल 1980 ला त्याने सेंट जॉन्स इथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवला आणि पश्चिमेकडे निघाला. रोज जवळपास एक मॅरेथॉन! सोबत मित्र व्हॅन चालवत असे. जाहिरातींच्या ऑफर आल्या, त्याने नाकारल्या. मागणं एकच: दर कॅनेडियनामागे एक डॉलर.

143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले. थंडर बे शहराजवळ खोकला आणि छातीतल्या दुखण्याने त्याला थांबवलं. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता.

फेब्रुवारी 1981 पर्यंत 2 कोटी 40 लाख डॉलर्सहून अधिक रक्कम जमली, म्हणजे माणशी एक डॉलर झालाच. त्याच वर्षी 28 जूनला, 22 व्या वर्षी तो गेला. त्याच्या नावाची दौड आजही अनेक देशांत होते.

ऑस्टिओसार्कोमा हा कॅन्सर किशोरवयात जास्त आणि बऱ्याचदा गुडघ्याजवळ होतो. मुलांचं गुडघ्याचं दुखणं लांबलं, रात्री वाढलं किंवा सूज आली, तर 'खेळताना लागलं असेल' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.