रांजणगावचे 145 घोडे

पुणे-नगर रस्त्याने शिरूरकडे निघालं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर अशी गावं गर्दीतून वाट काढत मागे टाकावी लागतात, तेव्हा कुठे रांजणगाव येतं. भाविक इथे महागणपतीसाठी थांबतात. मोटारींचं वेड असलेल्या माणसाला मात्र हे गाव ठाऊक असतं ते एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यामुळे. गेल्या वीस वर्षांत भारतातल्या गाडीवेड्यांनी ज्या गाड्यांवर जीव टाकला, त्यातल्या काही इथून बाहेर पडल्या. ज्या गाडीकडे हीच मंडळी आजही संशयाने बघतात, ती नेक्सॉन ईव्हीसुद्धा याच कारखान्यातून निघाली. विजेच्या छोट्या गाड्यांविषयीची शंका समजून घ्यायला शिरूर तालुक्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, असं मला वाटतं.

महाराष्ट्राचं फियाटशी नातं जुनं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात फियाट 1100 बनवली, तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घरोघरी ओळखीची झाली. पुढे रांजणगावचा कारखाना उभा राहिला. 2007 मध्ये टाटा मोटर्स निम्म्या भागीदारीने आत आली आणि तिथे दोन्ही घरच्या गाड्या बनू लागल्या: फियाटच्या पुंटो आणि लिनिया, टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि मांझा. 2017 पासून जीप कंपास आली, त्याच वर्षी टाटा नेक्सॉन आली.

या सगळ्यात खरा नायक होता 1.3 लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. रांजणगावात ते बनत होतंच, शिवाय मारुतीने परवाना घेऊन स्विफ्ट आणि डिझायरमध्ये बसवलं. देशभरात ते इतक्या गाड्यांत गेलं की लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. हे इंजिन चालवणाऱ्याला त्याची खोड माहीत असते. मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या खाली ते सुस्त. चढाला दुसऱ्या गियरमध्ये फसलात तर गाडी नुसती धापा टाकते. आणि टर्बो जागा झाला की पाठीत रेटा बसतो. त्या क्षणाची वाट बघणं, योग्य गियर धरून ठेवणं, ट्रॉलीला ओलांडण्याआधी एक गियर खाली उतरणं, हे सगळं हाताला आणि पायाला शिकावं लागायचं. गाडीवेड्यांचं प्रेम या शिकण्यावर होतं. 1 एप्रिल 2020 ला बीएस 6 चे नियम लागू झाले आणि भारतातल्या नव्या गाड्यांतून ते इंजिन गेलं.

त्याआधी, ऑक्टोबर 2015 मध्ये, रांजणगावातून एक विलक्षण गाडी निघाली: पुंटोची अबार्थ आवृत्ती. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 अश्वशक्ती, 212 न्यूटन मीटर टॉर्क, शून्यापासून शंभराचा वेग गाठायला कंपनीच्या दाव्यानुसार 8.8 सेकंद. किंमत दहा लाखांच्या आत. त्या किमतीत एवढी ताकद तोवर कुणी दिली नव्हती. ही गाडी ज्यांच्याकडे आहे ते ती आजही विकायला तयार होत नाहीत.

आता दुसरे आकडे बघा. नेक्सॉन ईव्ही बाजारात आली जानेवारी 2020 मध्ये, 30.2 किलोवॉट-तासांची बॅटरी आणि 129 अश्वशक्ती घेऊन. 2023 मध्ये तिचं रूप बदललं. त्यात मोठ्या बॅटरीच्या गाडीची ताकद 145 अश्वशक्ती, टॉर्क 215 न्यूटन मीटर, शून्य ते शंभर 8.9 सेकंद. एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या, आठ वर्षांचं अंतर आणि आकडे जवळपास तेच. पहिली दंतकथा झाली. दुसरीला गाडीवेडे अजून 'चाकांवरचा मोबाइल' म्हणतात.

तेव्हा वाद ताकदीचा नाही, वाद हाताला काय जाणवतं याचा आहे, आणि तिथे त्यांचं म्हणणं मी नाकारणार नाही. पुंटोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याचा प्रत्येक खडा तळहातापर्यंत पोहोचवायचं. विजेवर चालणारं आजचं स्टिअरिंग हलकं आहे, सोयीचं आहे, पण रस्त्याची बातमी हाताला देत नाही. त्यात बॅटरीमुळे नेक्सॉन ईव्ही आपल्या पेट्रोल भावंडापेक्षा दीडशे किलोच्या आसपास जड. वजन जमिनीलगत असल्याने वळणावर गाडी कलत नाही हे खरं, पण दिशा बदलताना ते वजन कळतं. गियर नाही, इंजिनाचा चढत जाणारा सूर नाही. ज्याने तो आनंद घेतला आहे त्याला ही उणीव भासणारच.

पण आवाज गेला म्हणजे प्राण गेला, हे मात्र मला पटत नाही. मराठी माणसाने ज्या एका वाहनावर सगळ्यात जास्त माया केली ती दख्खनची राणी 1 जून 1930 ला सुरू झाली ती विजेच्या इंजिनावरच. बोरघाटात माल ओढणाऱ्या त्या काळच्या विजेच्या इंजिनाला रेल्वेतल्या लोकांनी 'खेकडा' असं लाडकं नाव दिलं होतं. पुण्याच्या पुढे दौंडकडे विजेच्या तारा यायला त्यानंतर आठ दशकांहून जास्त काळ लागला. म्हणून दौंडच्या जुन्या रेल्वेवाल्यांना वाफेची आणि डिझेलची आठवण ताजी आहे, आणि विजेचं इंजिन जागेवरून किती जोरात ओढतं हेही त्यांनी बघितलेलं आहे. थांबलेल्या स्थितीत पूर्ण जोर, हा विजेच्या मोटरचा जन्मजात गुण. मल्टिजेटमध्ये ज्याची वाट बघावी लागायची तो रेटा इथे पाय टेकताच मिळतो.

शंकेची मुळं मात्र निराळ्या जागी आहेत. भारतातली पहिली नावाजलेली विजेची शहरी गाडी म्हणजे 2001 ची बेंगळुरूची रेवा. चेतन मैनी यांनी ती आणली. शिसं आणि आम्लाच्या बॅटऱ्या, पूर्ण चार्जला ऐंशी किलोमीटरचा दावा, मागच्या सीटवर जेमतेम मुलं मावतील एवढी जागा. लंडनमध्ये ती जी-विझ नावाने विकली गेली. तिथल्या नियमांत ती मोटार नव्हे तर क्वाड्रिसायकल ठरत असल्याने धडक-चाचणी सक्तीची नव्हती. 2007 मध्ये एका ब्रिटिश मोटार मासिकाने तिची चाचणी करवून घेतली आणि निकाल फार वाईट आला. 2010 मध्ये महिंद्राने कंपनी घेतली, 2013 मध्ये ई-टू-ओ काढली, 2019 मध्ये तीही थांबली. छोटी वीजगाडी म्हणजे खेळणं, ही समजूत तिथून घट्ट झाली, आणि ती निराधार नव्हती.

आजच्या छोट्या गाड्या त्या मापाने तोलणं चुकीचं आहे, पण सगळ्यांना एका मापानेही तोलू नये. टाटांची टियागो ईव्ही 2022 मध्ये आली. मोठ्या बॅटरीत ती 24 किलोवॉट-तासांची, चार-पाच माणसांची खरी मोटार. एमजीची कॉमेट 2023 ची, तीन मीटरहूनही आखूड, 17.3 किलोवॉट-तासांची, 42 अश्वशक्तीची. आपल्या पुण्याच्या वायवे कंपनीची इव्हा त्याहून लहान: पुढे मधोमध चालक, मागे एक मोठं माणूस आणि एक मूल, छतावर सौर पट्टा. जानेवारी 2025 मध्ये तिची किंमत जाहीर झाली ती बॅटरी भाड्याने धरून 3 लाख 25 हजारांपासून. यातली टियागो मी शिरूरच्या माणसाला सुचवेन. बाकी दोन शिरूरच्या नव्हेत, पुण्यातल्या कोथरूडच्या आहेत.

याचं कारण साध्या हिशेबात आहे. कंपनीने सांगितलेल्या पल्ल्याचे दोन-तृतीयांश धरून चालावं. टियागोच्या 24 च्या बॅटरीत एसी लावून 180 ते 200 किलोमीटर पदरात पडतात. शिरूर किंवा दौंडहून पुण्याला जाऊन यायचं तर 140 ते 160 किलोमीटर होतात. जमतं, पण मधे कुठे वळसा पडला तर चार्जर शोधावा लागतो. कॉमेटला महामार्गावरचा जलद डीसी चार्जर लावताच येत नाही, त्यामुळे हाच प्रवास तिच्यात जिवाला घोर लावणारा. उलट शिरूरहून रांजणगावला कामाला जाणाऱ्याचं अंतर एका बाजूने वीसेक किलोमीटर, दौंडहून कुरकुंभला दहाएक. हे रोजचं येणं-जाणं कुठलीही वीजगाडी हसतखेळत करते. आपल्याकडे पुण्याला रोज गाडीने फारसं कुणी जात नाही, पण गाडी घेताना प्रत्येक जण पुण्याचाच विचार करतो.

नगर रस्त्यावरची कोंडी मोजमापातून वगळू नका. पेट्रोलची गाडी वाघोलीत तासभर रांगत असताना जागेवर उभं राहूनही इंधन जाळते. विजेची मोटर थांबली की थांबते, फक्त एसी चालू राहतो. पाय उचलला की मोटर जनित्र होऊन थोडी वीज बॅटरीला परत देते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ही गाडी मोकळ्या सोलापूर रस्त्यावर शंभराने चालवली तर पल्ला भरभर घटतो आणि कोंडीत तीच गाडी जास्त अंतर जाते. पेट्रोलच्या सवयीने बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. 'महामार्गाला ॲव्हरेज चांगलं' हे वाक्य वीजगाडीला लागू नाही.

गाडीवेड्यांच्या गप्पांत एक गोष्ट कधीच येत नाही, आणि आपल्या तालुक्यांत ती सगळ्यात मोठी आहे: अर्थिंग. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर, म्हणजे गीझरच्या सॉकेटवर चालतो. वीज सोडण्याआधी तो तिसरी तार खरोखर जमिनीत गेली आहे का हे तपासतो. जुन्या वाड्यांत, शेतातल्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक बऱ्याचदा नावालाच असतं. मागे तार असते, पण ती कुठेच पोहोचलेली नसते. मग चार्जरवर लाल दिवा लागतो आणि नवी कोरी गाडी अंगणात उपाशी उभी. दोष गाडीला दिला जातो. उपाय वायरमनकडे आहे. घराशेजारी खड्डा घ्यायचा, पाइप किंवा तांब्याची पट्टी पुरायची, कोळसा आणि मीठ घालायचं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायचं. मग न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मीटरने मोजायचा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. मीटरपासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार आणि वेगळा एमसीबी. आठ-नऊ तास सलग भार असतो, सैल प्लग काळा पडतो. रात्री पहिल्यांदा चार्जिंग लावलं की तासाभराने प्लगला हात लावून बघावा. कोमट चालेल, चटका बसायला नको.

वीजबिलाचं गणितही नीट समजून घ्यावं. महिन्याला हजार किलोमीटर चालवलं तर 130 ते 140 युनिट वाढतात. महावितरणचे दर टप्प्याने चढतात. शंभर युनिटांत बसणारं घर त्यामुळे वरच्या टप्प्यात जातं. तरीही पेट्रोलच्या तुलनेत खर्च बराच कमी राहतो. छतावर सौर पॅनेल असेल तर प्रश्नच मिटतो.

मला खरी अस्वस्थ करणारी शंका वेगळी आहे, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे गाडी मिस्त्रीच्या भरवशावर चालते. शिरूरच्या किंवा दौंडच्या गॅरेजात मल्टिजेट उघडून बसवणारे हात तयार झाले ते तीस-तीस वर्षांच्या कामातून, आवाज ऐकून दोष सांगण्यातून. वीजगाडीत इंजिन ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, टायमिंग चेन नाही. जे बिघडतं ते नारिंगी वेष्टनाच्या उच्च दाबाच्या तारांमागे, सॉफ्टवेअरच्या कुलपात. ते उघडायला मिस्त्रीला ना परवानगी, ना प्रशिक्षण. गाडी ट्रकवर घालून पुण्याला न्यावी लागते. गाडीवेडे म्हणतात की ही गाडी आपली वाटत नाही, त्यामागचं मोठं कारण हेच आहे, आणि ते बरोबर बोलतात. जुन्या वीजगाड्यांची किंमत झपाट्याने पडते तीही याच भीतीने. बऱ्याच गाड्यांच्या बॅटरीवर कंपन्या आठ वर्षांची हमी देतात. नवव्या वर्षी दारात उभ्या असलेल्या गाडीचं काय करायचं, हे सांगणारं गॅरेज तालुक्यात असायला हवं. ज्या तालुक्यात गाडी बनते तिथल्या आयटीआयमध्ये ती दुरुस्त करायला शिकवलं गेलं पाहिजे, ही मागणी कंपन्यांकडे आणि सरकारकडे शिरूरकरांनी जोर लावून करायला हवी.

सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. डिसेंबर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी रांजणगावचीच नेक्सॉन होती. 2024 मध्ये नेक्सॉन ईव्हीलाही भारत एनकॅपचे पाच तारे मिळाले. गळिताच्या हंगामात, रात्री, मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या न्हावऱ्याच्या रस्त्यावर समोर येतात तेव्हा गाडीचा पत्रा आणि सांगाडा किती मजबूत आहे हाच प्रश्न उरतो. म्हणून दोन-तीन माणसांची हलकी वीजगाडी या रस्त्यांसाठी मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. तिथे गाडीवेड्यांची शंका शंभर टक्के खरी आहे.

आवाज, गियर, स्टिअरिंग यांच्यासाठी ज्यांनी अबार्थ जपून ठेवली आहे त्यांनी ती जरूर जपावी. पण घरात रोज कारखान्याला जाणारी दुसरी गाडी हवी असेल, अंतर पन्नासच्या आत असेल आणि अंगणात जागा असेल, तर विजेची हॅचबॅक आज शिरूर-दौंडमध्ये फायद्याची आहे. शोरूमला जाण्याआधी वायरमनला बोलवा आणि घरचं अर्थिंग मीटर लावून तपासून घ्या.