मास्कची धास्ती आणि झोपेतला श्वास

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग पुन्हा पुन्हा मिटण्याच्या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्यावर हमखास लागू पडणारे, मास्कमधून किंचित दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र घरी आणल्यानंतर पहिल्या काही रात्रींतच कपाटात जाऊन पडते, हा अनुभव या विकारावर उपचार करणाऱ्या जगभरच्या डॉक्टरांच्या परिचयाचा आहे. यंत्र सोडून देणाऱ्याला घरची माणसे हट्टी ठरवतात आणि तो स्वतः ‘आपल्या अंगाला हे सोसत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात या नकाराच्या मुळाशी भीती असते, ती भीती शरीराच्या एका स्वाभाविक प्रतिक्रियेतून आलेली असते, आणि मास्कचे काम नीट समजावून सांगितले व दिवसाउजेडी थोडा थोडा सराव करून घेतला तर ती बहुतेक वेळा ओसरते.

सांगलीहून ईश्वरपूरला, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरला, जाणाऱ्या रस्त्यावरचे आष्टा आणि त्याच्या आसपासचा कृष्णाकाठचा ऊसपट्टा अशा ठिकाणी हा विकार ओळखू येण्यातच पहिली अडचण असते, कारण दिवसा पेंगण्याला इथे आधीच सबळ कारण हजर असते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की उसाला पाणी पाजायला रात्री-अपरात्री मळ्यात जावे लागते, आणि गळीत हंगामात ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकांचा तर दिवस-रात्रीचा हिशेबच राहत नाही. अशा माणसाला दुपारी बसल्या जागी डुलकी लागली तर ती जागरणाची समजली जाते, आणि रात्री तो मोठ्याने घोरू लागला तर ‘दमलाय, गाढ झोपलाय’ असे म्हणून दार ओढून घेतले जाते. घोरण्याच्या मध्ये आवाज एकदम बंद पडणे, काही क्षणांनी धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेऊन माणूस दचकणे आणि पुन्हा घोरणे सुरू होणे, ही गाढ झोपेची खूण नसून श्वास अडल्याची खूण आहे. हा खंड किमान दहा सेकंदांचा असला तर वैद्यकशास्त्र त्याला अ‍ॅप्निया म्हणते. झोपेच्या तपासणीत असे पूर्ण आणि अर्धवट अडथळे ताशी किती आले ते मोजतात. पाचपेक्षा कमी असतील तर सर्वसामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र, अशी ढोबळ वर्गवारी आहे. हा केवळ लठ्ठ किंवा शहरी माणसांचा आजार आहे असेही मानू नये, कारण लहान जबडा, अरुंद घसा किंवा वाढलेले टॉन्सिल यांमुळे सडपातळ माणसालाही तो होतो, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या २५० पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेतील श्वसनात बिघाड आढळला होता आणि ७.५ टक्क्यांमध्ये त्याच्या जोडीला दिवसाची झोपाळू अवस्थाही होती.

‘मास्क लागला म्हणजे शेवटची वेळ आली’

ही समजूत जुनी नाही. तिला करोनाच्या साथीने बळ दिले. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबाशी निगडित रुग्णांची साखळी सापडली, त्यांना मिरजेच्या शासकीय रुग्णालयात हलवण्यात आले आणि ते बरे होऊन घरी परतले, हे खरे असले तरी पुढच्या वर्ष-दीड वर्षात या भागातील कितीतरी घरांनी आपल्या माणसाला शेवटचे पाहिले ते तोंडावर मास्क असलेल्या अवस्थेत. तो आघात मनात असलेल्या घरात डॉक्टरांनी रोज रात्री मास्क लावायला सांगितला, की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविकच आहे, आणि त्यांची समजूत घालताना या भीतीला हसण्यावारी नेणे अत्यंत चुकीचे ठरते.

रुग्णालयातील व्हेंटिलेटरचा आणि घरच्या सीपॅपचा, हे दोन्ही मास्क दिसायला सारखे असले तरी त्यांच्या कामात मूलभूत फरक आहे. व्हेंटिलेटर हा निकामी होत चाललेल्या श्वसनक्रियेचा भार उचलतो, तर सीपॅपवरचा रुग्ण सर्व श्वास स्वतःच घेतो; यंत्र फक्त खोलीतली हवा गाळून किंचित अधिक दाबाने घशापर्यंत पोहोचवते आणि त्या दाबाच्या आधाराने मिटू पाहणारा श्वासमार्ग उघडा राहतो. त्यात प्राणवायूची टाकी नसते, औषध नसते, आणि त्यामुळे फुप्फुसे ‘आळशी’ होण्याचा किंवा शरीराला सवय लागण्याचा प्रश्नही येत नाही. यंत्र बंद केल्यावर श्वास पुन्हा अडू लागतो तो मूळ विकार तसाच असल्यामुळे, जसा चष्मा काढल्यावर अंधुक दिसू लागते ते चष्म्याच्या सवयीमुळे नव्हे.

‘मास्कमध्ये हवा कोंडते, वीज गेली तर जीव जाईल’

सर्व गैरसमजांत हा सर्वांत खोल रुजलेला आहे आणि त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. माणसाला गुदमरल्याची जाणीव प्रामुख्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे तितकीशी होत नाही. त्यामुळे उच्छ्वासाची हवा मास्कमध्येच साठून राहत असती तर ही भीती रास्त ठरली असती. परंतु सीपॅपच्या प्रत्येक मास्कवर बारीक छिद्रांची एक ओळ किंवा जाळी मुद्दाम ठेवलेली असते. यंत्र चालू असताना त्यावर बोटे धरली तर हवेची झुळूक सतत बाहेर पडताना जाणवते, आणि उच्छ्वासाची हवा तिच्याबरोबर निघून जाते. काही रुग्ण हीच झुळूक ‘गळती’ समजून छिद्रांवर चिकटपट्टी लावतात. तसे कधीही करू नये.

हवेचा दाब हाही वाटतो तितका अचाट नसतो. तो पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती यंत्रांत तो साधारणतः चार ते वीसच्या दरम्यान ठेवता येतो. दहा सेंटिमीटरचा दाब हा भोवतालच्या वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. तरीही पहिल्या रात्री तो अंगावर येतो, कारण चेहऱ्याची त्वचा फार संवेदनशील असते आणि उच्छ्वास टाकताना होणारा हलका विरोध मेंदूला नवा असतो. मग माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड उलट गरजेपेक्षा खाली जातो, डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि हीच लक्षणे ‘हवा पुरत नाही’ याचा पुरावा वाटू लागतात. हे चक्र ठाऊक असलेला रुग्ण सावकाश, लांब उच्छ्वास टाकून ते मोडू शकतो. ज्याला कोणी सांगितलेलेच नाही तो मास्क ओढून फेकून देतो.

विजेचा प्रश्न ग्रामीण भागात खराच आहे, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णाकाठी तो कोणाला वेगळा पटवून द्यावा लागत नाही. मात्र नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कमध्ये एक झडप बसवलेली असते; यंत्राची हवा थांबताच ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते, तर केवळ नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळेच असते. वीज गेल्यास त्या रात्रीपुरता उपचार खंडित होतो, श्वास खंडित होत नाही. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी यंत्र इन्व्हर्टरवर घेण्याविषयी विचारावे. हवा गरम व ओलसर करणारा भाग बंद ठेवला तर यंत्राला वीज बरीच कमी लागते.

या उपचाराचा उगमही सांगण्याजोगा आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली तो प्रथम वापरला तेव्हा तीव्र विकाराच्या रुग्णापुढे पर्याय होता तो गळ्याला भोक पाडून श्वासनळीत नळी बसवण्याचा. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर आणि नाकाला सिलिकॉनने चिकटवलेला मास्क अशा ओबडधोबड जुळणीतून मिळालेले निष्कर्ष १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

‘पहिल्या रात्री झेपले नाही, म्हणजे आपल्याला मानवत नाही’

अनेकदा यंत्र घरी पोहोचते, यंत्र बसवणारा माणूस येऊन दाब लावून जातो, आणि त्याच रात्री थेट सात तास मास्क लावून झोपण्याची अपेक्षा ठेवली जाते. अंधारात, दमलेल्या अवस्थेत, अनोळखी वस्तू तोंडावर बांधून झोप लागावी ही अपेक्षाच अवाजवी आहे. बंदिस्त जागेची भीती असणाऱ्यांसाठी मानसोपचारात वापरली जाणारी क्रमशः सरावाची पद्धत इथे उपयोगी पडते, आणि ती दिवसाच सुरू करायची असते.

प्रथम खुर्चीत बसून, टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेवून, यंत्राची हवा सुरू असताना मास्क नुसता हाताने नाकावर धरावा. पट्टे बांधू नयेत, म्हणजे तो कधीही बाजूला करता येतो हे हाताला कळते. नाकावरचा मास्क असेल तर तोंड मिटलेले ठेवावे, कारण तोंड उघडताच नाकातून आलेली हवा तोंडावाटे धो धो बाहेर पडते आणि नवखा माणूस त्यानेच निम्मा घाबरतो; तोंड मिटले की ती लगेच थांबते, हे एकदा मुद्दाम करून पाहावे. काही मिनिटे शांतपणे जमली की पट्टे बांधून तेवढाच वेळ बसावे, मग हळूहळू वेळ वाढवावा, पुढे दुपारच्या वामकुक्षीला मास्क लावावा आणि त्यानंतरच रात्रीची झोप घ्यावी. मध्ये कुठे घुसमट वाटली तर एक पायरी मागे यावे. याच काळात मास्कचा चाप किंवा नळीचा सांधा डोळे मिटून, एका हाताने सोडवण्याचा सराव करावा; हवी तेव्हा सुटका होते ही खात्री पटली की सुटका करून घेण्याची निकड बरीचशी उरत नाही.

झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवून नंतर तो सावकाश वाढवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. पण हा प्रारंभीचा दाब चारसारखा अगदी कमी ठेवला तर काही जणांना उलट हवा अपुरी वाटते, आणि तो थोडा वाढवल्यावर घुसमट जाते. ही बाब अनेकांना उफराटी वाटते, म्हणूनच यंत्र सोडण्याआधी डॉक्टरांना हे विचारणे अगत्याचे असते. झोपेत नकळत मास्क काढला गेला तर तो पराभव मानू नये. जाग आल्यावर पुन्हा लावावा.

‘पट्टे आवळले की मास्क नीट बसतो’

मास्कच्या कडेची सिलिकॉनची पातळ गादी हवेने किंचित फुगून चेहऱ्याला बसते, त्यामुळे पट्टे करकचून आवळले की ती चुरगळते, गळती वाढते, आणि सकाळी नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतात. मास्क आडवे झोपून, हवा चालू ठेवून जुळवावा, कारण बसल्यावरचा आणि आडवे झाल्यावरचा चेहरा सारखा नसतो. चेहऱ्याचा तेलकटपणा गादीची पकड घालवतो, म्हणून ती रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. भरघोस मिशी असणाऱ्यांना अशा गादीचा मास्क नीट बसत नाही. त्यांना मिशी काढायला लावण्यापेक्षा नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा छोटा मास्क सुचवणे अधिक माणुसकीचे आहे. डोळ्यांसमोर काहीच येत नसल्याने भित्र्या रुग्णालाही तो सोयीचा जातो.

नाक आणि घसा कोरडा पडत असेल तर हवा ओलसर करणारे भांडे वापरतात. त्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे, कारण आष्ट्याच्या आसपासच्या क्षारपड पट्ट्यातील बोअरचे जड पाणी भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरते, आणि उकळल्याने जंतू मेले तरी क्षार जात नाहीत. थंडीत नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज आला तर नळी पांघरुणाखालून घ्यावी.

‘प्राणायाम केला की मास्क नको’

प्राणायामाने, विशेषतः लांब उच्छ्वासाच्या सरावाने, मास्कची धास्ती कमी होण्यास निश्चित मदत होते, परंतु झोप लागल्यावर घशाच्या स्नायूंवरचा ऐच्छिक ताबा सुटतो आणि श्वासमार्ग उघडा ठेवण्याचे काम प्राणायाम करू शकत नाही. मद्य मात्र घातक आहे, कारण ते घसा आणखी सैल करते. झोपेची गोळीही मनाने घेऊ नये.

याउलट मास्क लावला की हृदयविकार हमखास टळतो, हा दावाही अतिरेकी आहे. हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या २,७१७ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपमुळे पुढील झटक्यांचे प्रमाण घटलेले दिसले नाही, मात्र दिवसाची झोपाळू अवस्था आणि मनःस्थिती सुधारली. त्या रुग्णांनी यंत्र रोज सरासरी ३.३ तासच वापरले होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. वापर पुरेसा आहे की नाही हे ठरवताना सामान्यतः किमान चार तास, दहापैकी सात रात्री, असा मापदंड लावला जातो, पण तो किमान आहे. झोप असेल तितका वेळ मास्क असणे इष्ट.

एवढे करूनही काहींना मास्क सोसत नाही, आणि अशांची संख्या नगण्य नाही. त्यांच्यासाठी खालचा जबडा पुढे धरणारे दंतवैद्यकीय उपकरण, कुशीवर झोपण्याची योजना, वजन घटवणे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत. मास्कची भीती फारच तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा नाही. यंत्राच्या स्मृतीत रोजचा वापर, गळती आणि उरलेले अडथळे यांची नोंद राहते, म्हणून सांगली-मिरजेला फेरतपासणीला जाताना कागदपत्रांबरोबर यंत्राची ती नोंद आणि मास्कही न्यावा, म्हणजे त्रास दाबाचा आहे, मापाचा आहे की भीतीचा, हे डॉक्टरांना तिथेच पाहता येते. तोवर ज्याला दिवसा अनावर झोप येते त्याने ट्रॅक्टर किंवा गाडी चालवायला घेऊ नये, आणि घरच्यांनी त्याला घेऊ देऊ नये.