प्लेटलेट कमी असताना गुडघ्याचे ऑपरेशन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०१८च्या पावसाळ्यात भिलाई-दुर्ग परिसरात डेंगूची मोठी साथ आली. प्लेटलेट हा शब्द इथल्या अनेक कुटुंबांनी त्या काळात रोजच्या धास्तीने ऐकला. आकडा घसरला की रक्तदाता शोधायचा, पपईच्या पानांचा रस पाजायचा, आठवड्याभरात आकडा वर येतोच, असा एक ठोकताळा अनेकांच्या मनात बसला.

हाच ठोकताळा आयटीपीच्या रुग्णाला घातक ठरू शकतो. आयटीपी म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतील बिघाडामुळे प्लेटलेट कमी होण्याचा आजार. नंदिनी नगर हे भिलाई पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या खाणीचे गाव. आज इथल्या निवृत्त पिढीत झिजलेले गुडघे ही नेहमीची तक्रार आहे. त्यात एखाद्याला आयटीपी असला, तर सांधेबदलाचा विषय निघताच घरातले म्हणतात, "नको रे बाबा, रक्त थांबणार नाही." दुसऱ्या टोकाला, "प्लेटलेट चढवून टाका, होऊन जाईल," असे सांगणारेही भेटतात. दोन्ही चूक आहेत. हे ऑपरेशन होऊ शकते, पण त्याची तयारी काही आठवडे आधी सुरू करावी लागते.

गैरसमज १ : हा डेंगूसारखाच प्रकार आहे, आपोआप बरा होईल.

वस्तुस्थिती : डेंगूत ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट पूर्ववत होतात. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजते. त्यांना प्रतिपिंडे चिकटतात आणि पाणथरी, म्हणजे प्लीहा, त्यांना नष्ट करते. अस्थिमज्जेतील निर्मितीही पुरेशी होत नाही. १९५० साली अमेरिकेत विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या. प्लेटलेट मारणारा घटक रुग्णाच्या रक्तातच असतो, हे त्यातून दिसले. लहान मुलांत हा आजार बहुधा आपोआप ओसरतो, मोठ्यांत मात्र तो अनेकदा वर्षानुवर्षे राहतो. १२ महिन्यांपेक्षा जास्त टिकला तर त्याला दीर्घकालीन आयटीपी म्हणतात. म्हणून "आकडा आपोआप वाढला की ऑपरेशन करू" अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

गैरसमज २ : रिपोर्टवर कमी आकडा आला, म्हणजे प्लेटलेट कमीच आहेत.

वस्तुस्थिती : नेहमीच्या सीबीसी तपासणीच्या नळीत ईडीटीए हे रसायन असते. काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात. यंत्र त्या गठ्ठ्यांतल्या प्लेटलेट मोजू शकत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले किंवा सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घेतला, की खरे काय ते कळते. ऑपरेशन पुढे ढकलण्याआधी ही साधी तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा. आकडा खरोखरच कमी असेल, तर यकृताचे विकार, हिपॅटायटिस, एचआयव्ही, जीवनसत्त्वांची कमतरता आणि चालू औषधांचे परिणाम अशी इतर कारणेही तपासावी लागतात. आयटीपीचे निदान इतर कारणे बाजूला सारूनच होते.

गैरसमज ३ : दीड लाखाच्या वर गेल्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत.

वस्तुस्थिती : निरोगी माणसात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख असतात, पण ऑपरेशनला एवढ्या लागत नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार आयटीपीच्या रुग्णात छोट्या शस्त्रक्रियेसाठी ५० हजार, मोठ्या शस्त्रक्रियेसाठी ८० हजार आणि मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी एक लाख प्लेटलेट पुरेशा मानल्या जातात. गुडघा किंवा खुबा बदलणे ही मोठी शस्त्रक्रिया आहे. पाठीच्या कण्यातून भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ स्वतंत्रपणे आकडा पाहतात, कारण तिथे झालेला रक्तस्राव मज्जारज्जूवर दाब आणू शकतो. त्यामुळे भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या दिवशी न घेता आधीच घ्यावी.

नुसता आकडा सगळे सांगत नाही. आयटीपीत उरलेल्या प्लेटलेट बहुधा ताज्या आणि आकाराने मोठ्या असतात, म्हणून त्याच आकड्याला दुसऱ्या आजारात जेवढा रक्तस्राव होईल तेवढा इथे होतोच असे नाही. पूर्वी दात काढताना, बाळंतपणात किंवा जखम झाल्यावर किती रक्त गेले, ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

गैरसमज ४ : आदल्या रात्री प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या की काम झाले.

वस्तुस्थिती : निरोगी शरीरात प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. आयटीपीत मात्र चढवलेल्या प्लेटलेटही त्याच प्रतिपिंडांच्या तडाख्यात सापडतात आणि अनेकदा काही तासांतच नाहीशा होतात. रात्री वाढलेला आकडा सकाळी टेबलावर असेलच याची खात्री नसते. म्हणून आयटीपीत प्लेटलेट चढवणे हा प्रामुख्याने जीवघेण्या रक्तस्रावातला आणि तातडीच्या ऑपरेशनमधला उपाय आहे. तेव्हाही सोबत इतर औषधे दिली जातात.

तरीही रक्तपेढीशी आधी बोलून ठेवावे. प्लेटलेट २० ते २४ अंश तापमानात सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारण पाचच दिवस टिकतात. आणून साठवून ठेवण्याची ही गोष्ट नव्हे. एकाच दात्याकडून यंत्राने घेतलेल्या प्लेटलेटसाठी, म्हणजे एसडीपीसाठी, दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी.

रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध सांधेबदलात आज सर्रास वापरले जाते. जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोटो या दांपत्याने १९६२ साली ते जगापुढे आणले. त्याने प्लेटलेट वाढत नाहीत. जखमेवर बनलेली गुठळी लवकर विरघळू नये, एवढे काम ते करते. तुमच्या बाबतीत ते योग्य आहे का, हे सर्जनना विचारा.

गैरसमज ५ : तयारीला दोन-तीन दिवस पुरतात.

वस्तुस्थिती : प्रत्येक औषधाला आपापला वेळ लागतो. शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी, बहुतेकांत एक ते चार दिवसांत आकडा वाढवते, पण परिणाम साधारण दोन ते चार आठवडेच राहतो आणि औषध महाग आहे. स्टेरॉइडला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. त्यात रक्तातली साखर वाढू शकते, जखम भरायला उशीर होऊ शकतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नव्या सांध्यासाठी या तिन्ही गोष्टी त्रासदायक आहेत. अस्थिमज्जेला प्लेटलेट बनवायला लावणारी एल्ट्रोम्बोपॅगसारखी गोळी एक-दोन आठवड्यांत परिणाम दाखवू लागते.

२०२० साली 'लॅन्सेट हेमॅटोलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आयटीपीच्या ७४ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी एल्ट्रोम्बोपॅग किंवा आयव्हीआयजी दिले गेले. गोळी शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी सुरू केली होती. ठरवलेला आकडा गोळीच्या गटात ७९ टक्के, तर आयव्हीआयजीच्या गटात ६१ टक्के रुग्णांनी गाठला. म्हणजे रोजच्या गोळीनेही ऑपरेशनपर्यंतचा टप्पा पार करता येतो, मात्र त्यासाठी तीन आठवडे हाताशी असावे लागतात. ऑपरेशनची तारीख रक्तविकारतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवावी, असा आग्रह धरा.

गैरसमज ६ : पपईचा रस, गुळवेल घेतली तर फायदा होईल, नुकसान तर नाही.

वस्तुस्थिती : पपईच्या पानांनी आयटीपी आटोक्यात येतो याला भरवशाचा पुरावा नाही. गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या. एल्ट्रोम्बोपॅगही यकृतावर ताण आणू शकते, म्हणून दोन्ही एकत्र घेणे टाळावे. आणखी एक गोष्ट अनेकांना कोणी सांगतच नाही. ही गोळी दूध, दही, पनीर, कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीच्या औषधांबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. या पदार्थांच्या किमान दोन तास आधी किंवा चार तास नंतर ती घ्यावी. सकाळच्या दुधाच्या चहासोबत गोळी घेतली, तर महागडे औषध बरेचसे वाया जाते.

गैरसमज ७ : तारीख येईपर्यंत दुखण्याची नेहमीची गोळी चालेल.

वस्तुस्थिती : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक आणि ॲस्पिरिन ही औषधे उरलेल्या प्लेटलेटचे कामही बिघडवतात. ॲस्पिरिनचा परिणाम त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर टिकतो. अशा रुग्णांसाठी सहसा पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत सुरक्षित मानले जाते. स्नायूत घेतलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकते, म्हणून तेही टाळावे. मात्र हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते स्वतःहून थांबवू नका. तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

गैरसमज ८ : प्लेटलेट कमी, म्हणजे रक्ताची गुठळी होणारच नाही.

वस्तुस्थिती : हा गैरसमज फार धोक्याचा आहे. गुडघा-खुबा बदलल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका असतोच. आयटीपीच्या रुग्णांत तो सर्वसामान्यांपेक्षा किंचित जास्तच आढळतो आणि उपचारांतली काही औषधे त्यात भर घालू शकतात. म्हणून लवकर उठून चालणे आणि पायाला दाब देणारी यंत्रे वापरणे महत्त्वाचे ठरते. आकडा पुरेसा असेल, सहसा ५० हजारांच्या वर, तर गुठळीविरोधी इंजेक्शनही दिले जाते. पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर तासाभराचाही उशीर करू नका.

गैरसमज ९ : ऑपरेशनआधी स्टेरॉइड बंद करावे.

वस्तुस्थिती : दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीराची स्वतःची स्टेरॉइडनिर्मिती मंदावते. गोळी अचानक थांबवली, तर ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळू शकतो. कित्येकदा त्या काळात जादा मात्रा द्यावी लागते. दीर्घकाळच्या स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरू शकते, आणि आयटीपीच्या काही रुग्णांवर खुबा बदलण्याची वेळ त्यामुळेच येते. छत्तीसगड आणि विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल या रक्तविकारातही खुबा असाच निकामी होऊ शकतो. खुबा तरुणपणीच निकामी झाला असेल, तर सिकलसेलची तपासणीही करून घ्या.

सर्जनना भेटायला जाताना गेल्या वर्षभराचे सगळे सीबीसी रिपोर्ट, कोणत्या औषधाने आकडा किती आणि किती दिवस वाढला याचे टिपण आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. पाणथरी काढलेली असेल तर ते आवर्जून सांगा. अशा माणसाला न्यूमोकोकससारख्या जंतूंच्या लशी लागतात आणि साधा तापही गंभीर मानावा लागतो.

नंदिनी नगरहून भिलाईच्या सेक्टर ९चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय किंवा रायपूरचे एम्स गाठता येते. नातेवाईक असल्याने कोणी नागपूरला जातात. कुठेही गेलात तरी तीन प्रश्न विचारा : रक्तविकारतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, रक्तपेढी रात्रीही प्लेटलेट देऊ शकेल का, आणि ऑपरेशननंतर आकडा किती दिवस, किती वेळा तपासला जाईल? तिन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाल्याशिवाय तारीख पक्की करू नका. आणि फक्त भीतीपोटी वर्षानुवर्षे गुडघेदुखी सोसत बसू नका.